मित्राच्या कवितेला चाल लावताना: कागदापासून रेकॉर्डिंगपर्यंत

कविता हातात आली की लगेच पेटी उघडावीशी वाटते. ती जरा उशिरा उघडा. कवितेची निम्मी चाल तिच्या शब्दांतच असते: कुठलं अक्षर लांब, कुठलं आखूड, श्वास कुठे, भार कुठे. हे ऐकायच्या आधी सूर सापडला तर पुढचा सगळा वेळ त्या सुरात शब्द कोंबण्यात जातो. कवी ओळखीतला असल्याचा मोठा फायदा हा की, त्याला समोर बसवून विचारता येतं. मराठवाड्यात लिहिणाऱ्या पुष्कळ जणांचा कान जात्यावरच्या ओवीवर, गावच्या भजनावर आणि गोंधळावर घडलेला असतो. कागदावर मुक्तछंद दिसला तरी आत ठेका दडलेला असतो. तो आधी शोधायचा.

कवीकडून वाचून घ्या

मोबाइलवर तीन वाचनं रेकॉर्ड करा. एक कवी जसं कविसंमेलनात म्हणतो तसं, एक समोरच्या माणसाला सांगितल्यासारखं हळू, आणि एक कागद न बघता, आठवेल तसं. तिसरं फार कामाचं. आठवणीतून म्हणताना कवी ज्या ओळीवर आपसूक परत येतो, ती बहुतेक वेळा मुखड्याची, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी ओळ निघते.

मग कविता मोठ्या अक्षरात, ओळींमध्ये दोन बोटं जागा सोडून लिहून काढा. वाचनं ऐकत श्वासाच्या जागी उभी रेघ, भार असलेल्या अक्षराखाली आडवी रेघ आणि ओढलेल्या अक्षरापुढे ऽ अशी खूण करा. तिन्ही वाचनांत एकाच जागी आलेली खूण पक्की समजा, चाल बांधताना तिला धक्का लावायचा नाही.

त्याच बैठकीत आणखी चार गोष्टी विचारून घ्या. कवितेत बोलतंय कोण? कुठल्या शब्दाला अजिबात हात लावायचा नाही? कविता कुठे छापून आली आहे का? आणि बोलीचे शब्द जसेच्या तसे गायचे का? कवीने ‘पानी’ लिहिलं असेल तर गायकाने ते शुद्ध करून ‘पाणी’ म्हणायचं नाही. उलट ‘पाणी’ लिहिलं असेल तर बोलीचा रंग यावा म्हणून ‘पानी’ही करायचं नाही. हे पहिल्या दिवशी ठरलं नाही तर स्टुडिओत भाड्याच्या वेळेत वाद होतो.

कवी स्वतःच गुणगुणून दाखवत असेल तर ऐका, पण घरी जाताना ती चाल डोक्यात राहिली आहे का ते बघा. त्यातला एखादा तुकडा तुमच्या चालीत आला तर संगीतात त्याचंही नाव द्यावं लागेल.

मात्रा मोजा

ह्रस्व अक्षर लघु, त्याची 1 मात्रा. दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या 2. जोडाक्षराच्या आधीच्या ह्रस्व अक्षरावर आघात येत असेल तर ते गुरू होतं, म्हणून ‘सत्य’मधला ‘स’ 2 मात्रांचा. आघात येत नसेल तर लघूच राहतं: ‘उन्हाने’मधला ‘उ’, ‘तुझ्या’मधला ‘तु’. ठणठणीत अनुस्वार असलेलं अक्षर गुरू, म्हणजे ‘रंग’मधल्या ‘रं’च्या 2. ‘अन्’ही 2 मात्रांचा.

उदाहरणादाखल ही ओळ घ्या:

पावसाची वाट पाहे जोंधळा रानातला

गुरूला ‘गा’ आणि लघूला ‘ल’ म्हटलं तर हिचे तुकडे असे पडतात: गालगागा, गालगागा, गालगागा, गालगा. म्हणजे 7, 7, 7 आणि 5, एकूण 26 मात्रा. हे देवप्रिया वृत्त. मराठी गझलेत ते भरपूर दिसतं. सात मात्रा म्हटल्यावर रूपक ताल आठवेलच, पण जुळणी त्याहून पक्की आहे. रूपकाचे खंड 3, 2, 2 असे आहेत आणि गालगागाचेही ‘गाल’ 3, ‘गा’ 2, ‘गा’ 2 असेच पडतात. शेवटच्या गालगानंतर दोन मात्रा मोकळ्या राहतात. तिथे श्वास.

पा ऽ व | सा ऽ | ची ऽ
वा ऽ ट | पा ऽ | हे ऽ
जों ऽ ध | ळा ऽ | रा ऽ
ना ऽ त | ला ऽ | ऽ ऽ

आता तिसरं आणि चौथं आवर्तन, म्हणजे तालाचा फेरा, नीट बघा. ‘रानातला’ हा शब्द दोन आवर्तनांत फुटला आहे. ‘रा’ एकाच्या शेवटी आणि ‘ना’ दुसऱ्याच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर. गायकाने तिथे श्वास घेतला किंवा तबलजीने समेवर जोरात थाप दिली की ऐकणाऱ्याला ‘जोंधळारा, नातला’ ऐकू येतं. वृत्तातल्या कवितेला चाल लावताना सगळ्यात जास्त नुकसान अशा जागी होतं, आणि बांधणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही, कारण त्याला शब्द पाठ असतात. उपाय दोन. श्वास ‘पाहे’नंतर घ्यायचा, म्हणजे ‘जोंधळा रानातला’ एका दमात जातं. आणि ‘रा’ व ‘ना’ यांना शेजारचे स्वर द्यायचे, मध्ये उडी नको. काफीच्या अंगाने ही ओळ अशी बसेल (ग आणि नि कोमल, नि मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला):

सा ऽ रे | ग ऽ | म ऽ
प ऽ म | ग ऽ | रे ऽ
रे ऽ ग | म ऽ | ग ऽ
रे ऽ नि | सा ऽ | ऽ ऽ

‘रा’ गंधारावर आणि ‘ना’ ऋषभावर, त्यामुळे शब्द सांधलेला राहतो. ‘वाट पाहे’ ऋषभावर अर्धवट थांबतं, तेही अर्थाला धरून आहे.

भुजंगप्रयात वृत्ताची गंमत निराळी. ‘उन्हाने जळाले तरी गात राहे’ ही ओळ म्हणजे लगागा चार वेळा, 20 मात्रा, झपतालाची दोन आवर्तनं. ‘उ’ समेवर ठेवला तर मात्र ओळ लंगडते, कारण झपतालाचे खंड 2, 3, 2, 3 आहेत आणि लगागा पडतं 1, 2, 2. म्हणून ‘उ’ दहाव्या मात्रेवरून उचला:

(उ) न्हा ऽ | ने ऽ ज | ळा ऽ | ले ऽ त |
री ऽ | गा ऽ त | रा ऽ | हे ऽ

सगळे खंड जागच्या जागी बसले. दुसरी सम ‘तरी’तल्या ‘री’वर आली, आणि ओळीचा सगळा अर्थ त्या ‘तरी’वरच उभा आहे. उठाव कुठून घ्यायचा याचा निर्णय असा शब्दाकडे बघूनच करायचा असतो.

अभंगात मात्रा नाहीत, अक्षरं मोजतात. मोठ्या अभंगाचे चरण 6, 6, 6, 4 अक्षरांचे, दुसऱ्या-तिसऱ्याला यमक:

काळ्या ढेकळांत । रुतला नांगर ।
भेगाळले घर । माउलीचे ॥

आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात प्रत्येक चरणाला एक आवर्तन द्या. सहा अक्षरांत आठ मात्रा भरायच्या म्हणजे दोन मात्रा ओढून भराव्या लागतात: ‘का ळ्या ढे क | ळां ऽ ऽ त’. शेवटच्या चरणाला चारच अक्षरं, म्हणून ‘मा उ ली ऽ | चे ऽ ऽ ऽ’. शेवटी जी मोकळी जागा उरते ती टाळकऱ्यांची आणि मागे म्हणणाऱ्यांची. ती तानांनी भरली की लोकांना सोबत म्हणता येत नाही.

मुक्तछंद असेल तर

इथे मोजण्याऐवजी तोडायला शिकावं लागतं. समजा कविता अशी आहे:

उन्हाळी विहिरीत
आईचा आवाज
दोरासारखा
खोल खोल उतरतो

कवीने ओळी जिथे मोडल्या तिथे गाण्याच्या ओळी मोडतीलच असं नाही. ‘आईचा आवाज दोरासारखा’ हा एक श्वास, ‘खोल खोल उतरतो’ हा दुसरा. प्रत्येक तुकडा टाळी वाजवत बोलण्याच्या लयीत म्हणा आणि भार कुठल्या टाळीवर येतो ते लिहा. बहुतेक तुकडे चार टाळ्यांत बसतील. ते केरवा तालात जातात. न बसणारे तुकडे ओढूनताणून बसवू नका. ते तालाशिवाय, नुसत्या तंबोऱ्यावर म्हणायला ठेवा. सुरुवातीच्या दोन ओळी मोकळ्या आणि तिसरीपासून ठेका, ही बांधणी मुक्तछंदाला फार मानवते.

मुक्तछंदाला ध्रुवपद नसतं, निवडावं लागतं. निवडलेली ओळ एकटी काढली तरी पुरी वाटली पाहिजे. तिचं शेवटचं अक्षर शक्यतो आ, ए किंवा ओकारान्त हवं, म्हणजे गळा उघडा राहतो. आणि दुसऱ्या-तिसऱ्यांदा ऐकताना तिचा अर्थ वाढला पाहिजे. नुसती गोड ओळ दोनदा आली की पुरे होते. वरच्या कवितेत ‘खोल खोल उतरतो’ हाच मुखडा, कारण पुढच्या प्रत्येक कडव्यानंतर नवीन काहीतरी खोल उतरवता येतं.

सुरांकडे येताना

राग आधी ठरवण्याची गरज नाही. कवीच्या वाचनात आवाज कुठे चढतो, कुठे उतरतो, याची रेषा कागदावर काढा आणि त्या रेषेने गुणगुणा. चार-पाच ओळी झाल्या की स्वर आपोआप एका घरात गोळा होतात. मग नाव सापडतं: काफी, पिलू, देस, भैरवी. नाव सापडल्यावर त्या रागाचे नियम कवितेवर लादायचे नाहीत. सुगम संगीतात तेवढी मोकळीक आहे.

पल्ल्याचं भान मात्र ठेवा. गायक तयारीचा असेल तर मंद्र पंचमापासून तार, म्हणजे वरच्या सप्तकातल्या गंधारापर्यंत जा. कवीच स्वतः गाणार असेल तर मंद्र धैवत ते तार षड्ज, बस. जात्यावरच्या ओवीच्या वळणाची कविता असेल तर त्याहूनही कमी: चार-पाच स्वर. ओवी पहाटे दळता दळता, श्वास लागलेला असताना म्हणायची चीज आहे. तिला दीड सप्तक फिरवलं की ती नाटकी वाटते.

अंतरा, म्हणजे कडव्याची चाल, तार षड्जाकडे न्यायचाच असा एक ठरीव साचा आहे. कडव्यात अर्थ उघडत असेल तर न्या. कडवं आत वळणारं असेल, कुणी मनाशी बोलत असेल, तर अंतरा मंद्रात ठेवून बघा. अनेक कवितांना तेच शोभतं.

पट्टी गायकाची घ्या, तुमची नको. पुरुष गळ्याला बहुधा पेटीची काळी 1 ते पांढरी 3, स्त्री गळ्याला काळी 3 ते काळी 5 या दरम्यान कुठेतरी सोय होते. सगळ्यात वरचा स्वर गायकाला दहा वेळा सहज लावता येतो का ते तपासा. एकदा लागणं पुरेसं नाही. तालमीत बारा-पंधरा वेळा तो येणारच असतो.

उच्चार: इथे चाल हरते

मराठीत ‘घर’, ‘शेत’, ‘गाव’ यांचं शेवटचं अक्षर बोलताना तोडलेलं असतं. गाताना ते ओढलं की ‘घरा’, ‘शेता’, ‘गावा’ होतं. लांब स्वर नेहमी आधीच्या अक्षरावर द्या: ‘घऽऽर’. वरच्या अभंगात ‘नांगर’चा ‘ग’ ओढायचा, ‘र’ नुसता टेकवायचा.

ह्रस्वावर दीर्घ स्वर हा दुसरा धोका. ‘दिन’ लांबवला की ‘दीन’ होतो, दिवसाचा गरीब होतो. वृत्तबद्ध कविता असेल तर लघूला एक आणि गुरूला दोन मात्रा दिल्याने हा प्रश्न बराचसा सुटतो. मुक्तछंदात आणि अभंगात मात्र एकेक शब्द तपासावा लागतो.

वरच्या स्वरांवर ई आणि ऊ गळा आवळतात, म्हणून उंच जागा आ किंवा ओ असलेल्या अक्षरावर आणा. ‘च’ आणि ‘ज’ दंत्य की तालव्य हे कागदावरच लिहून ठेवा. गायक बाहेरगावचा असेल तर हमखास चुकतो.

परीक्षा सोपी आहे. कविता न वाचलेल्या माणसाला चाल एकदाच ऐकवा आणि ऐकलेले शब्द लिहायला सांगा. जिथे शब्द चुकला तिथे दोष तुमच्या चालीचा, ऐकणाऱ्याच्या कानाचा नाही.

शब्द बदलायचे झाले तर

आधी चाल बदला. उठाव मागे-पुढे करा, ताल बदला, एक मात्रा मोकळी सोडा. तीन वेगळ्या बांधण्या करूनही ओळ अडत असेल तर कवीला बोलवा, अडलेली जागा गाऊन दाखवा आणि मात्रांचा हिशोब द्या: ‘इथे गालगा हवंय, तुझा शब्द लगागा आहे.’ पर्यायी शब्द तुम्ही सुचवू नका, कवीलाच शोधू द्या. कवी त्याच वजनाचा आणि त्याच रानातला शब्द आणतो. तुम्ही आणलेला शब्द बहुधा गाण्यांतून ऐकलेला असतो, आणि तो लगेच ओळखू येतो.

कडवी गाळणं हाही बदलच. पण लांबी हा खरा प्रश्न आहे. रूपकाची लय मिनिटाला 160 मात्रा धरली तर देवप्रियाची 28 मात्रांची ओळ (26 आणि मोकळ्या 2) साडेदहा सेकंदांची होते. गझलेच्या मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या दोन ओळी, पहिली दोनदा, म्हणजे 31 सेकंद. पुढच्या प्रत्येक शेराची पहिली ओळ दोनदा, दुसरी एकदा आणि मग मुखड्याची एक ओळ: 42 सेकंद. शेराआधी आठ आवर्तनांचा वाद्यांचा तुकडा: 21 सेकंद. सुरुवातीचा तुकडा धरून मतला आणि तीन शेर झाले की चार मिनिटं भरतात. सात शेरांची गझल अशीच गायली तर सात मिनिटांवर जाते. कुठले तीन शेर ठेवायचे हे कवीने ठरवावं. छापील कविता मात्र पूर्ण राहते आणि निवेदनात तसं सांगता येतं.

वाद्यं

पेटी आणि तबल्यावर चाल उभी राहिली पाहिजे. त्यावर उभी राहत नसेल तर व्हायोलिन आणि बासरीने ती सावरत नाही. बाकीचं वाद्य कवितेतून यावं. गोंधळाच्या किंवा आराधी गाण्याच्या वळणाची कविता असेल तर संबळ आणि तुणतुणं, मोर्चाची-मिरवणुकीची असेल तर हलगी. शेतात पाऊस आला एवढ्यावरून संबळ आणू नका, तो देवीच्या दारातला आवाज आहे, त्याच्यासोबत अर्थ येतो. हलगी वाजवण्याआधी शेकून घ्यावी लागते, तासाभराने पुन्हा उतरते. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्याची सोय आधी बघा.

तंबोऱ्याचं ॲप पेटीला मिळवा. जुन्या पेट्या 440 हर्ट्झच्या प्रमाण स्वरावर असतातच असं नाही. बासरी किंवा कीबोर्ड सोबत असेल तर आधी पेटी तपासा, नाहीतर सगळं झाल्यावर मिश्रण बेसूर लागतं.

हक्क आणि कागद

मैत्रीत हा विषय काढायला संकोच वाटतो. रेकॉर्डिंगच्या आधी काढला तर पंधरा मिनिटांत संपतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात शब्द आणि संगीत या दोन स्वतंत्र कृती आहेत. शब्दांचा हक्क कवीचा, चालीचा तुमचा, आणि दोन्ही हयातभर व मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतात. संमेलनात ‘लाव की चाल’ म्हटलं म्हणजे परवानगी झाली असं नाही. ती लेखी आणि सहीची हवी.

एका पानावर एवढं लिहा: कवितेचं नाव आणि पहिली ओळ, गायलेल्या ओळी, मान्य केलेले बदल, कुठे वापरायचं (कार्यक्रम, यूट्यूब, ऑडिओ ॲप), किती काळ, कुठल्या प्रदेशात, आणि पैशांची वाटणी. कवीने हक्क सोपवून दिला असेल आणि मुदत लिहिली नसेल तर कायदा ती 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरतो. वाटणी निम्मी-निम्मी ठेवणं सरळ. कविता संग्रहात किंवा दिवाळी अंकात आली असेल तर प्रकाशकाशी झालेला करार कवीला बघायला सांगा. नोंदणी करायची तर साहित्यकृती आणि संगीतकृती वेगवेगळ्या नोंदवाव्या लागतात.

रेकॉर्डिंग

आधी मेट्रोनोमवर पेटी आणि आवाज, एवढाच कच्चा ट्रॅक करा आणि तीन दिवस बाजूला ठेवा. नंतर ऐकताना लय जलद वाटली तर 160 ची 152 करा. कविता असलेल्या गाण्यात लय चुकली तर ती जवळपास नेहमी जलदच असते.

घरीच करायचं असेल तर उन्हाळ्यात पहाटे पाचची वेळ धरा. कूलर आणि पंखा बंद ठेवायचाय, आणि आपल्याकडे मे महिन्यात दहानंतर ते शक्य नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, म्हणजे वीज गेली तरी टेक वाया जात नाही. माइक तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चा धक्का बसत नाही. गादी-गोधड्यांनी मागची भिंत झाका. संबळ किंवा हलगी आवाजासोबत एकाच खोलीत घेऊ नका. ती वेगळी आणि माइक पाच फुटांवर ठेवून घ्या. फाइल 24 बिट, 48 किलोहर्ट्झ वॅव्हमध्ये ठेवा, एमपी3 फक्त ऐकवण्यासाठी.

अंतिम आवाज घेताना कवी समोर असू द्या, हातात खुणा केलेला पहिला कागद घेऊन. त्याला सुराबद्दल काही विचारू नका. शब्द जिथे टोचेल तिथे त्याने हात वर करायचा, आणि तेवढी ओळ पुन्हा घ्यायची. यूट्यूबवर टाकताना शीर्षकातच ‘कविता’ आणि ‘संगीत’ अशी दोन नावं द्या, खालच्या वर्णनात पूर्ण कविता, गाळलेल्या कडव्यांसह.